की-बोर्ड बदलण्याआधी टेबल मोजा

जुन्या सीबीएसजवळ, जिल्हा न्यायालयाच्या आसपास ज्यांचे कधी काम पडले असेल, त्यांना तिथली टायपिंगची दुकाने ठाऊक असतील. पूर्वी यंत्रांची खटखट रस्त्यापर्यंत ऐकू यायची. संगणक आले आणि आवाज गेला. काम मात्र तेच राहिले. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, मृत्युपत्र, वाटणीचा दावा, सातबाऱ्यावरच्या नोंदीला हरकत. अशाच एका दुकानात १९ वर्षे मराठी टायपिंग करणाऱ्या एक बाई गेल्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात आल्या. वय ४७. त्यांच्या परवानगीनेच ही हकीकत लिहीत आहे.

पिशवीतून त्यांनी एक खोके काढून माझ्या टेबलावर ठेवले. आत की-बोर्ड होता, पण मधोमध चिरलेला. दोन भाग, वरच्या टोकाला बिजागरी, आणि खालून दोन्ही भाग छपरासारखे उचलता येतील असे पाय.

“पुण्याहून मुलाने पाठवलाय, डॉक्टर. नऊ हजारांचा आहे. त्याच्या कंपनीत पुष्कळजण हाच वापरतात म्हणे. महिना झाला, रोज यावरच बसते. हाताचं दुखणं आहे तसंच आहे, वर आता खांदाही भरून येतो.”

दुखणे विचारले तेव्हा पुढील माहिती मिळाली. रात्री दोन-अडीचच्या सुमारास उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. उठून हात झटकला, थोडा वेळ खाली लोंबता ठेवला की बरे वाटते. सकाळी भाजी चिरताना सुरी घट्ट धरता येत नाही. आठवड्यापूर्वी चहाचा कप हातातून निसटला. डाव्या हातालाही अधूनमधून तसेच होऊ लागले आहे. बाईंची कमाई पानामागे. नवऱ्याचे काम करोनाच्या काळात गेले ते गेलेच. दिवसाकाठी जितकी पाने, तितके पैसे, आणि पाने आता निम्म्यावर आली होती.

“मला दोनच गोष्टी सांगा,” त्या म्हणाल्या. “हा परत करू का? आणि माझा हात जाणार तर नाही ना?”

या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. पुष्कळ लोक त्यांची गल्लत करतात, आणि त्या गल्लतीत पैसा जातो, क्वचित हातही जातो. म्हणून आजचा हा लेख.

टायपिंगचे टेबल बुटके का होते?

ज्या वाचकांनी ऐन उमेदीत टायपिंग क्लास केला असेल, ३० आणि ४० च्या परीक्षा दिल्या असतील, त्यांनी क्षणभर तो क्लास डोळ्यांपुढे आणावा. ओळीने मांडलेली यंत्रे, पाठीला टेकू नसलेली स्टुले, आणि मास्तरांच्या हातात फूटपट्टी. मनगट यंत्राच्या कडेला टेकले की पट्टी बसायची. आणखी एक गोष्ट आठवेल. तिथली टेबले शाळेतल्या किंवा कचेरीतल्या टेबलांपेक्षा बुटकी असत. लिहिण्याचे टेबल साधारण ३० इंच उंचीचे, तर टायपिंगचे २६ इंचांच्या आसपास. यंत्राची स्वतःची उंची असते, तिच्यावर कळा असतात, म्हणून टेबल खाली घ्यायचे आणि कळा कोपराच्या पातळीला आणायच्या, हा त्यामागचा साधा हिशेब. एर्गोनॉमिक्स हा शब्द त्या मास्तरांनी ऐकलाही नसेल, पण हे शास्त्र त्यांना पाठ होते.

मग संगणक आला. महागाची वस्तू, तेव्हा ती घरातल्या किंवा कचेरीतल्या चांगल्या टेबलावर गेली; म्हणजे लिहिण्याच्या, ३० इंची. टायपिंगचे बुटके टेबल भंगारात निघाले. खुर्ची तीच राहिली. आता कोपर खाली आणि कळा वर, म्हणून मनगट मागे मोडून बोटे वर न्यायची, किंवा दोन्ही खांदे उचलून धरायचे. बहुतेकजण दोन्ही करतात. संध्याकाळी मान आणि खांदे दगडासारखे होतात ते यामुळे.

यंत्राची आणखी एक मेहेरबानी होती, तीही गेली. ओळ संपली की दांडी सरकवायची, पान संपले की काढायचे, कार्बन लावायचा, नवे पान चढवायचे. दर मिनिटा-दोन मिनिटांनी हाताला वेगळी हालचाल मिळे. संगणकावर तासन्‌ तास बोटे तेवढ्याच जागेत फिरतात. गोदरेजने १९५५ साली पहिले भारतीय बनावटीचे टाइपरायटर काढले, त्यावर शिकलेल्या लोकांची आणखी एक खोड मी नेहमी पाहतो. चार कार्बन घालून पाच प्रती उमटवायच्या म्हणून कळ ठोकावी लागे. संगणकाची कळ ५०-६० ग्रॅम भाराने दबते. पण हात जुन्या सवयीने ठोकतच राहतो. आमच्या या बाई टाइप करतात तेव्हा शेजारच्या टेबलावरचा चहा हलतो असे त्यांच्याच दुकानातल्या मुलाने सांगितले.

दोन भागांचा की-बोर्ड कशासाठी?

आपले दोन्ही हात टेबलावर सहज ठेवून पाहा. ते सरळ समांतर पडत नाहीत, ‘आठ’ या आकड्यासारखे तिरपे पडतात, आणि तळवे थोडे एकमेकांकडे कललेले असतात. की-बोर्डाच्या कळा मात्र सरळ ओळीत. ही ओळ अमेरिकेतल्या शोल्स या गृहस्थाच्या टाइपरायटरपासून, म्हणजे रेमिंग्टन कंपनीने तो १८७४ साली बाजारात आणला तेव्हापासून, तशीच चालत आली आहे. आतल्या लोखंडी दांड्यांच्या सोयीने ती मांडणी झाली. दांड्या गेल्या, ओळ राहिली.

या सरळ ओळीवर बोटे ठेवायची तर हाताला तीन ठिकाणी वाकावे लागते. पहिले, मनगट करंगळीच्या बाजूला वळते. दुसरे, तळवे पूर्ण पालथे करावे लागतात आणि कोपराखालच्या हाडांना पीळ बसतो. तिसरे, मनगट मागे मोडते. की-बोर्डाचे दोन भाग करून ते ‘आठ’च्या आकड्यासारखे तिरपे केले की पहिला बाक जातो. छपरासारखा उतार दिला की दुसरा कमी होतो. तिसऱ्यासाठी की-बोर्डाची मागची बाजू उंच न ठेवता सपाट, किंवा किंचित खाली ठेवावी लागते. ‘अॅडजस्टेबल’ म्हणजे हे कोन आपल्या हाताप्रमाणे ठरवता येणारा. एवढेच त्याचे मर्म आहे.

कल्पना काही नवी नाही. चिरलेल्या की-बोर्डाचे पेटंट अमेरिकेत १९१५ साली हायडनर नावाच्या माणसाने घेतले होते. १९७२ मध्ये क्रोमर या शास्त्रज्ञाने त्यावर शास्त्रशुद्ध प्रयोग केले. अॅपलने १९९३ साली बिजागरीचा आणि मायक्रोसॉफ्टने १९९४ साली कायमचा तिरपा केलेला की-बोर्ड विकायला काढला, तेव्हा तो सामान्य लोकांपर्यंत पोचला. आपल्याकडे तो यायला बराच काळ गेला. अजूनही महात्मा गांधी रोडच्या दुकानांत मागितला तर “ऑर्डर देऊन मागवावा लागेल” असेच उत्तर बहुधा मिळते.

आता त्याचा उपयोग किती? अमेरिकेत हातदुखी असलेल्या ८० संगणक वापरणाऱ्यांवर एक प्रयोग झाला, तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यांना चार प्रकारचे की-बोर्ड वाटून दिले, त्यांतला एक अगदी साधा. सहा महिन्यांनी कायमच्या तिरप्या की-बोर्डवाल्यांच्या वेदना साध्या की-बोर्डवाल्यांपेक्षा कमी झाल्या होत्या, हाताचे काम सुधारले होते. डॉक्टरांनी तपासून पाहिल्यावर मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. आणखी एक लक्षात घेण्यासारखे : फायदा दिसायला आठवडे नव्हे, महिने लागले. तेव्हा “आठ दिवस वापरला, काही झाले नाही” असे म्हणून खोके माळ्यावर टाकणाऱ्यांनी थोडा धीर धरावा, आणि “हा घेतला की हात बरा” असे सांगणाऱ्या जाहिरातींवर तर मुळीच विश्वास ठेवू नये.

बाईंच्या बाबतीत धीराचा प्रश्नच नव्हता. मी दुकानातला फोटो मागवला. नवा की-बोर्ड त्याच ३० इंची टेबलावर होता. मुलाने फोनवरून सांगितल्याप्रमाणे दोन्ही भाग जेवढे उघडतील तेवढे उघडलेले, छप्पर जेवढे उंच होईल तेवढे उंच, आणि वर मागचे पायही काढलेले. म्हणजे कळा आधी होत्या त्यापेक्षा दोन इंच वर गेल्या. खांदा दुखू लागला यात नवल ते काय! औषध चांगले, मात्रा चुकीची.

मागचे पाय मिटवा

की-बोर्डाच्या मागे दोन छोटे पाय असतात. नवा की-बोर्ड आणला की जवळजवळ प्रत्येकजण पहिल्यांदा ते उघडतो, जणू ते उघडलेच पाहिजेत. त्यामुळे मागची बाजू उंच होते, मनगट आणखी मागे मोडते. ज्यांना बघून टाइप करायचे त्यांना अक्षरे नीट दिसावीत, एवढाच त्यांचा उपयोग. न बघता टाइप करणाऱ्यांनी ते आज, हा लेख वाचून झाल्यावर, मिटवून टाकावेत. खर्च शून्य.

दुसरे, खुर्चीवर बसून दोन्ही हात खांद्यापासून सैल सोडावेत आणि कोपर काटकोनात वाकवावे. हात जिथे येतो ती कळांची जागा. टेबल त्याहून उंच असेल तर टेबलाचे पाय कापावेत, किंवा खाली सरकता ट्रे बसवून घ्यावा. ते जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी घालून बसणे उंच करावे. पण मग पाय लोंबतात, मांडीच्या मागे दाब येतो, तेव्हा पायाखाली पाट किंवा दोन विटा ठेवाव्यात. कचेरीत हे करायला लाज वाटते, याची मला कल्पना आहे. दुखणाऱ्या मानेला पट्टा बांधून येण्यापेक्षा पायाखालचा पाट बरा.

आकड्यांचा जो वेगळा भाग उजवीकडे असतो, तो ज्यांना लागत नाही त्यांनी त्याशिवायचा छोटा की-बोर्ड घ्यावा. आकड्यांच्या भागामुळे माउस वीतभर लांब जातो आणि उजवा हात दिवसभर बाहेर ताणलेला राहतो. उजव्या खांद्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांत मी आधी हे विचारतो. लॅपटॉपवर दिवसाचे सहा-आठ तास काढणाऱ्यांनी साधा वेगळा की-बोर्ड जोडावा आणि लॅपटॉप जाड पुस्तकांवर उंच ठेवावा. डोळे वर, हात खाली. एका यंत्रात दोन्ही जमत नाही.

तिरपा, दोन भागांचा की-बोर्ड घेणाऱ्यांनी सुरुवात अगदी थोड्या उघडझापीने करावी. पहिल्या आठवड्यात दिवसाकाठी अर्धा तास, बाकी वेळ जुन्यावर. वेग घटतो, चुका होतात, मधल्या कळांवर बोट चुकते. पंधरवड्याने हात बसू लागतो. परीक्षा पंधरा दिवसांवर आलेल्या विद्यार्थ्याने हा उद्योग करू नये. बोटांनी टकटक करत बघून टाइप करणाऱ्यांना तर या महागड्या की-बोर्डाचा फारसा लाभच नाही, कारण त्यांचे हात एका जागी नसतातच.

मराठी टायपिंग करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागेल. रेमिंग्टन पद्धतीवर शिफ्टची कळ फार वापरावी लागते आणि ती करंगळीने दाबायची असते. करंगळीच्या बाजूची मनगटदुखी मराठीवाल्यांत विचारून पाहावी. इनस्क्रिप्ट पद्धतीत स्वर आणि काने-मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला, त्यामुळे दोन्ही हात आलटून पालटून चालतात. नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींनी इनस्क्रिप्टच शिकावे असे मला वाटते. ४७ व्या वर्षी, पोट ज्यावर चालते ती पद्धत बदला असे मात्र मी कोणाला सांगणार नाही.

आणि विश्रांती. अर्ध्या तासाने मिनिटभर हात मांडीवर सैल सोडावेत, तासाने उठून पाणी प्यावे. यासाठी गजर लावण्याची गरज नाही. आलेल्या पक्षकाराशी दोन शब्द बोलताना हात की-बोर्डावरून काढले तरी पुष्कळ होते.

बोगद्यातली गर्दी

आता बाईंचा दुसरा, खरा महत्त्वाचा प्रश्न. रात्री मुंग्यांनी जाग येणे, हात झटकल्यावर बरे वाटणे, वस्तू निसटणे ही लक्षणे नुसत्या थकव्याची नव्हेत.

तळहाताच्या बुडाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. तळाला छोटी हाडे, वर जाड पट्टा. त्यातून बोटे मिटणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक मज्जातंतू जातो. बोगद्यात सूज आली, दोऱ्यांची आवरणे जाड झाली, तर हाड काही सरकत नाही, पट्टा ताणत नाही. दबतो तो मज्जातंतू. मनगट सरळ असताना आत दाब सर्वांत कमी असतो, कोणत्याही बाजूला वाकवले की वाढतो. रात्री आपण मनगट दुमडून झोपतो, म्हणून दुखणे रात्री जागे होते. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

हा मज्जातंतू अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची जाणीव वाहतो. करंगळीचा याच्याशी संबंध नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, “करंगळी धरून की करंगळी सोडून?” करंगळी आणि शेजारचे अर्धे बोट बधिर होत असेल तर दोष बहुधा कोपराशी असतो, टेबलाच्या धारदार कडेवर कोपर टेकून बसणाऱ्यांत तो आढळतो. मानेपासून हातभर कळ जात असेल तर मान तपासावी लागते.

घरी करून पाहण्यासारखी एक चाचणी आहे. नमस्कार उलटा करावा : दोन्ही हातांचे पालथे भाग एकमेकांना चिकटवून बोटे जमिनीकडे, कोपरे बाहेर. मिनिटभर तसेच राहावे. त्या मिनिटात वर सांगितलेल्या बोटांत मुंग्या आल्या तर डॉक्टरांना दाखवावे. मुंग्या आल्या नाहीत म्हणून रोग नाहीच असे नव्हे.

हा संगणकाचा रोग आहे, असा सार्वत्रिक समज आहे. तो बऱ्याच अंशी चुकीचा आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००१ साली आपल्याच दिवसभर संगणकावर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. मज्जातंतूच्या तपासणीने पक्का ठरलेला रोग शंभरात साडेतीन जणांना निघाला. सर्वसाधारण लोकांत जेवढा असतो तेवढाच. डेन्मार्कमध्ये सुमारे सात हजार कर्मचाऱ्यांवर वर्षभर लक्ष ठेवले, त्याचा अहवाल २००३ साली आला. त्यात की-बोर्ड दोषी ठरला नाही. आठवड्याला २० तासांहून जास्त माउस चालवणाऱ्यांत तक्रारी थोड्या जास्त दिसल्या.

मग हा रोग होतो कोणाला? बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. गरोदरपणात, रजोनिवृत्तीच्या सुमारास. मधुमेह, थायरॉईड कमी असणे, सांधेवात, लठ्ठपणा असणाऱ्यांना. आणि जोर लावून, मनगट मोडून तेच तेच काम करणाऱ्या हातांना. सिन्नरला विड्या वळणाऱ्या, निफाड-दिंडोरीकडे हंगामात दिवसभर कात्री घेऊन द्राक्षांची विरळणी करणाऱ्या, अंबड-सातपूरला थरथरणारे ग्राइंडर धरणाऱ्या माणसांचे हात पाहा. त्यांतल्या कित्येकांनी की-बोर्डाला कधी हातही लावलेला नसतो. पण त्यांच्या मुंग्यांना कोणी नऊ हजारांचे यंत्र पाठवत नाही. “वात आहे” म्हणून तेल चोळून त्या वर्षानुवर्षे सोसल्या जातात. लेखनिकांच्या हाताच्या दुखण्याबद्दल इटलीतल्या रामाझिनी या वैद्याने १७१३ सालीच लिहून ठेवले होते. श्रमाचा हात दुखतो, ही गोष्ट संगणकाहून फार जुनी आहे.

याचा अर्थ की-बोर्ड निर्दोष आहे असा नाही. कोपराखालचे स्नायू, दोऱ्या, मान, खांदे यांची दुखणी टायपिंगने येतात आणि बसण्याची पद्धत सुधारली की उतरतात. आधीच दबलेल्या मज्जातंतूला मोडलेले मनगट छळते, हेही खरे. पण दबलेला मज्जातंतू नुसता की-बोर्ड बदलून मोकळा होईल, या आशेवर सहा महिने थांबणे धोक्याचे आहे. फार काळ दाब राहिला तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सुकू लागतो. गुंडी लावणे, नाणे उचलणे जमेनासे होते. सुकलेला स्नायू नंतर पूर्ववत होईलच याची हमी कोणी देऊ शकत नाही.

बाईंचे दोन्ही तळहात मी शेजारी शेजारी ठेवले. उजव्या अंगठ्याचा उंचवटा डाव्यापेक्षा किंचित बसलेला होता. त्यांनाही ते तेव्हाच दिसले. काही वेळ त्या बोलल्या नाहीत.

पुढे काय झाले

रक्ततपासणीत थायरॉईड कमी निघाले. वजन वाढले होते, थकवा होता, आणि तो सगळा त्या कामाच्या खाती टाकत होत्या. मज्जातंतूच्या तपासणीत उजवा हात बराच दबलेला, डावा थोडा. थायरॉईडच्या गोळ्या सुरू केल्या. रात्री झोपताना दोन्ही मनगटे सरळ ठेवणारे पट्टे बांधायला दिले. हे पट्टे औषधांच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतात. आत धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी असलेलाच घ्यावा, नुसता ताणणारा नको, आणि तो मनगट सरळ ठेवतो ना हे डॉक्टरांना दाखवून घ्यावे. दिवसा पट्टा बांधून टायपिंग करू नये. मनगट अडले की माणूस खांद्याने टाइप करतो. वेदनाशामक गोळ्या मज्जातंतूवरचा दाब काढत नाहीत, त्या रोज घेऊन मूत्रपिंडाला त्रास मात्र होतो.

की-बोर्ड मी त्यांना तात्पुरता खोक्यात ठेवायला सांगितला आणि आधी टेबल कापून घ्यायला लावले. द्वारकेजवळच्या एका सुताराने दोनशे रुपयांत तीन इंच उतरवले. मागचे पाय मिटवले, माउस जवळ आला. तीन आठवड्यांत खांदा उतरला. सहा आठवड्यांत डाव्या हाताच्या मुंग्या थांबल्या. उजवा मात्र रात्री उठवतच राहिला. काहीजणांना अशा वेळी मनगटात स्टेरॉईडचे इंजेक्शन देऊन भागते, निदान काही महिने. स्नायू सुकू लागलेला असेल तर तेवढ्यावर विसंबू नये, म्हणून मी त्यांना शस्त्रक्रियेचा सल्ला दिला.

“कोर्ट बंद असेल तेव्हा करा,” त्या म्हणाल्या. दिवाळीच्या सुटीत ती झाली. बोगद्यावरचा पट्टा कापून वाट रुंद करायची, एवढीच ती शस्त्रक्रिया. हातच तेवढा बधिर करतात, त्याच दिवशी घरी जाता येते. त्याच रात्री बाई मुंग्यांशिवाय झोपल्या. तळहाताच्या बुडाचा ठणका मात्र दोन-अडीच महिने राहिला, ते आधी सांगितले होते म्हणून त्या घाबरल्या नाहीत. टायपिंग हळूहळू, तीन आठवड्यांनी. पकड परत आली आहे. अंगठ्याचा उंचवटा अजून पूर्ण भरलेला नाही. वर्षभर वाट पाहू.

नऊ हजारांचा की-बोर्ड परत करण्याची मुदत केव्हाच टळून गेली होती. संक्रांतीनंतर तो खोक्यातून पुन्हा काढला, या वेळी बुटक्या टेबलावर, दोन्ही भाग थोडेसेच उघडून, छप्पर जेमतेम बोटभर उंच. बाईंना तो आवडला आहे. हलक्या हाताने टाइप करायची सवय मात्र अजून लागत नाही.

शेजारच्या दुकानातल्या टायपिस्टने हे सगळे पाहून आपलेही टेबल कापून घेतले. त्याने उत्साहाच्या भरात पाच इंच कापले, आता त्याचे गुडघे टेबलाखाली जात नाहीत. तेव्हा सुताराला बोलावण्यापूर्वी नेहमीच्या खुर्चीवर बसून मांडी आणि टेबलाची खालची फळी यांत चार बोटे अंतर राहील ना, हे मोजून घ्यावे.